घटक ५ : आज्ञा आणि अवज्ञा (पालक-पाल्य संवाद व विरोधी-अवज्ञा विकार)

५.० उद्दिष्टे

ह्या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला विरोधी-अवज्ञा विकार ह्या संज्ञेचा नेमका अर्थ सांगता येईल. पालक आणि मूल ह्यांच्यातील संबंधांचा त्या विकाराशी कोणता दुहेरी संबंध असतो, हे स्पष्ट करता येईल. तसेच घरातील एखाद्या साध्या संभाषणाचे भाषिक कृतींच्या अंगाने विश्लेषण करता येईल.

५.१ प्रास्ताविक

बोलणे ही एक कृती आहे, हा विचार जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून पुढे आला आणि जॉन सर्ल ह्यांनी १९६९ मध्ये तो अधिक पद्धतशीरपणे मांडला. आज्ञा करणे, विनंती करणे, धमकी देणे, वचन देणे ह्या भाषेने केलेल्या कृती होत. ह्या विचाराची उदाहरणे देताना पाठ्यपुस्तके बहुधा न्यायालय, विवाहसोहळा, जहाजाचे नामकरण अशा समारंभी प्रसंगांकडे वळतात. वास्तविक भाषिक कृतींची सर्वांत मोठी कार्यशाळा म्हणजे लहान मूल असलेले घर. सकाळी उठवण्यापासून रात्री झोपवण्यापर्यंत तिथे आज्ञा, नकार, मनधरणी, धाक आणि तह ह्यांची अखंड देवघेव चालू असते.

बहुतेक घरांत ही देवघेव कुरबुरीसह का होईना, पण पार पडते. काही घरांत मात्र ती मोडते. साधे ‘जेवायला चल’ हे वाक्यही भांडणाचे निमित्त होते आणि महिनोन्महिने होत राहते. अशा मुलासाठी मराठीत शब्दांची वाण नाही : हट्टी, हेकट, हेकेखोर, द्वाड, वांड, व्रात्य, उद्धट, आगाऊ. परंपरेने बालहट्टाला राजहट्ट आणि स्त्रीहट्ट ह्यांच्या पंगतीला बसवले आहे. हे सर्व शब्द दोष मुलाच्या ठिकाणी ठेवतात. त्यावर उतारा म्हणून दुसरे वाक्य तयारच असते, ‘आईने लाडावून ठेवला आहे.’ त्यात दोष आईच्या पदरी जातो. ह्या घटकात आपण हे दोन्ही निवाडे बाजूला ठेवून दोघांच्या मधल्या जागेकडे, म्हणजे संवादाकडे, पाहणार आहोत.

एक मर्यादा आधीच नमूद करणे आवश्यक आहे. विकाराचे निदान हे मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे काम आहे. हा घटक वाचून शेजारच्या मुलावर शिक्का मारण्याचा मोह कोणी होऊ देऊ नये. भाषेचा अभ्यासक निदान करत नाही. तो संभाषण कसे घडले, एवढेच दाखवू शकतो.

५.२ विकार कशाला म्हणावे?

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरण-ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत (१९८०) ‘विरोधी विकार’ अशी नोंद प्रथम आली. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत तिला ‘विरोधी-अवज्ञा विकार’ असे नाव मिळाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘ओडीडी’ असेही म्हणतात. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ह्या विकाराची आठ लक्षणे तीन गटांत दिली आहेत. पहिला गट मनःस्थितीचा आहे : वारंवार राग अनावर होणे, लवकर चिडणे, मनात राग धरून राहणे. दुसरा गट वर्तनाचा : मोठ्यांशी वाद घालणे, नियम व सूचना उघडपणे धुडकावणे, मुद्दाम दुसऱ्यास त्रास देणे, स्वतःच्या चुकीचे खापर इतरांवर फोडणे. तिसऱ्यात सूडबुद्धी हे एकच लक्षण येते आणि ते सहा महिन्यांत किमान दोनदा दिसावे लागते.

ह्या आठांपैकी किमान चार लक्षणे सहा महिन्यांहून कमी नाही इतका काळ टिकली पाहिजेत आणि ती भावंडाव्यतिरिक्त निदान एका व्यक्तीशी वागताना दिसली पाहिजेत. भावाबहिणींची भांडणे ह्या हिशेबात धरली जात नाहीत, ही अट घराघरांतील पालकांना दिलासा देणारी आहे. पाच वर्षांखालील मुलांत हे वर्तन बहुतेक दिवशी, तर त्यावरील मुलांत आठवड्यातून किमान एकदा दिसावे, अशी वारंवारतेची कसोटी आहे. त्याशिवाय त्या वर्तनामुळे मुलाला किंवा त्याच्या निकटच्या माणसांना त्रास होत असला पाहिजे, अथवा त्याच्या शिक्षणात वा सामाजिक व्यवहारात अडथळा येत असला पाहिजे. ह्या कसोट्या लावल्यावर विकाराचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत १ ते ११ टक्के, सरासरीने ३.३ टक्क्यांच्या आसपास आढळते, असे तोच ग्रंथ नोंदवतो.

ह्यावरून एक गोष्ट लक्षात यावी. अडीच वर्षांचे मूल प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणते तो विकार नव्हे. आपली इच्छा आईच्या इच्छेहून वेगळी असू शकते, हा शोध त्याला नुकताच लागलेला असतो आणि ‘नाही’ हा शब्द त्या शोधाचे साधन असतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे वाद घालणेही बव्हंशी वयाला धरून असते. प्रश्न प्रमाणाचा, सातत्याचा आणि होणाऱ्या हानीचा आहे.

ह्या निदानाचे आणखी एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वर्तन किती ठिकाणी दिसते त्यावर विकाराची तीव्रता ठरवतात. केवळ एकाच ठिकाणी दिसल्यास तो सौम्य मानला जातो आणि ते एक ठिकाण बहुतांशी घर असते. शाळेत शहाणे असलेले मूल घरी पाय ठेवताच बदलते, ही अनेक पालकांची तक्रार त्यामुळे खोटी मानण्याचे कारण नाही. विरोध करण्यासाठी समोर कोणीतरी असावे लागते. ह्या विकाराच्या नावातच दुसरी व्यक्ती गृहीत आहे.

५.३ संभाषणाचा एक नमुना

पुढील संभाषण अभ्यासासाठी रचलेले आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे. वेळ रात्रीच्या जेवणाची.

१. आई : मोबाईल ठेव आता. जेवायला चल.
२. मुलगा : (गप्प)
३. आई : ऐकू येत नाही का? किती वेळा सांगायचं?
४. मुलगा : थांब ना. हे झालं की येतो.
५. आई : झालं की येतो, झालं की येतो! अभ्यासाच्या वेळी बरं डोकं दुखतं तुझं. ठेव म्हणते ना!
६. मुलगा : नाही ठेवणार! तू नेहमी मलाच बोलतेस. ताईला कधी बोलत नाहीस.
७. आई : आवाज खाली! थांब, बाबांना येऊ दे, मग बघते तुझ्याकडे.
८. मुलगा : येऊ देत! (ताट ढकलतो, रडू लागतो.)
९. आजी : अगं, जाऊ दे. दिवसभर शाळेत असतं पोर. पाच मिनिटं बघू दे की.
१०. आई : बघ बाबा, काय करायचं ते कर. माझं डोकं उठलंय.

हे संभाषण वाचताना तुम्हांला ते ओळखीचे वाटले असेल, तर त्यात संकोचण्यासारखे काही नाही. एखाद्या संध्याकाळी ते कोणत्याही घरात घडते. ते रोज, तसेच आणि त्याच शेवटासह घडू लागले की काय होते, हे आता पाहू.

५.४ बळजोरीचे चक्र

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जेरल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रासदायक वर्तन असलेल्या मुलांच्या घरी निरीक्षक पाठवले. कोण काय बोलले, त्यावर दुसऱ्याने काय केले आणि त्यानंतर पहिला काय करता झाला, ह्याची हे निरीक्षक दर काही सेकंदांनी सांकेतिक खुणांनी नोंद करत. पालकांनी नंतर आठवून सांगितलेल्या हकिगतींवर विसंबण्याऐवजी प्रत्यक्ष देवघेवीची नोंद घेणे, ही ह्या संशोधनाची मोठी देणगी. भाषाभ्यासकाला ती विशेष जवळची वाटते, कारण संभाषणाचे विश्लेषण करणाराही हेच करतो. ह्या निरीक्षणांवर आधारलेला बळजोरीच्या चक्राचा सिद्धान्त पॅटरसन ह्यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात मांडला.

सिद्धान्ताचा गाभा ‘ऋण प्रबलन’ ह्या संकल्पनेत आहे. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असा गैरसमज विद्यार्थ्यांत हमखास आढळतो. एखादी कृती केल्यामुळे नकोशी गोष्ट दूर झाली, तर ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. ह्याला ऋण प्रबलन म्हणतात. डोकेदुखी थांबवणारी गोळी आपण पुढच्या वेळी लगेच शोधतो, तसे हे आहे.

आता वरील संभाषणाच्या शेवटाकडे पाहा. मुलाने ताट ढकलले, रडणे सुरू केले आणि मागणी मागे घेतली गेली. नकोशी गोष्ट, म्हणजे मोबाईल ठेवण्याची आज्ञा, दूर झाली. मुलगा काय शिकला? साध्या ‘थांब ना’ने काम झाले नाही, ताट ढकलल्यावर झाले. आईसाठी नकोशी गोष्ट होती आरडाओरडा. ‘काय करायचं ते कर’ म्हणताच तो थांबला. त्यामुळे माघार घेण्याची तिची सवयही दृढ झाली. त्या क्षणी दोघांनाही बक्षीस मिळाले. चक्र टिकून राहण्याचे कारण नेमके हेच आहे.

चक्राची दुसरी बाजू अशी : एखाद्या दिवशी आई माघार घेत नाही. आवाज चढतो, शेवटी एक धपाटा बसतो आणि मूल निमूटपणे पानावर येऊन बसते. आता आईला बक्षीस मिळाले ते धपाट्याबद्दल. पुढच्या वेळी ती तिथवर लवकर पोहोचेल. मुलगाही तिथवर लवकर पोहोचेल, कारण कोणता आवाज ‘खरा’ आणि कोणता पोकळ, हे तो आता चढत्या पट्टीवरून ओळखतो. पहिल्या चार आज्ञांना अर्थ नसतो, पाचवीला असतो, हे व्याकरण त्याने अचूक आत्मसात केलेले असते. पालक आणि मूल अशा रीतीने एकमेकांना प्रशिक्षण देत राहतात. दोघांपैकी कोणीही हे हेतुपुरस्सर करत नाही.

आजीच्या नवव्या वाक्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘जाऊ दे’ हे वाक्य आईला उद्देशून आहे, पण ते मुलाच्या कानावर पडते. एका घरात दोन नियम असल्याची ती घोषणा ठरते. विसंगत शिस्त हा ह्या विकाराशी निगडित असलेला एक घटक आहे आणि ती विसंगती जशी एकाच पालकाच्या दोन दिवसांत असते, तशी दोन मोठ्यांच्या एकाच दिवसातही असते. ह्यावरून एकत्र कुटुंबाला दोष देण्याचे कारण नाही. थकलेल्या आईला पंधरा मिनिटे उसंत देणारी आजी हा मुलाच्या स्वास्थ्याचा मोठा आधार असतो. ‘जाऊ दे’ मुलासमोर म्हणायचे की स्वयंपाकघरात, एवढाच प्रश्न आहे.

५.५ आरंभ कोणाचा?

ह्यावर स्वाभाविक प्रश्न येतो की, हे चक्र सुरू कोण करते? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर ठरलेले होते : पालक. १९६८ साली रिचर्ड बेल ह्यांनी एका प्रसिद्ध लेखात ह्या गृहीतावरच बोट ठेवले. कठोर पालक आणि आक्रमक मूल एकत्र आढळतात, एवढ्यावरून कठोरपणामुळे मूल आक्रमक झाले असे सिद्ध होत नाही. आक्रमक मुलामुळे पालक कठोर झाले असणेही तितकेच शक्य आहे.

अँडरसन, लिटन आणि रॉमनी ह्यांनी १९८६ मध्ये हा प्रश्न एका साध्या युक्तीने तपासला. वर्तनसमस्या असलेल्या मुलग्यांच्या माता आणि तशी समस्या नसलेल्या मुलग्यांच्या माता, असे दोन गट त्यांनी घेतले. प्रत्येक मातेला स्वतःच्या मुलाबरोबर आणि दुसऱ्यांच्या, दोन्ही प्रकारच्या मुलांबरोबर काही वेळ घालवण्यास सांगितले. दोन्ही गटांतील माता समस्याग्रस्त मुलाशी बोलताना अधिक आज्ञा करत होत्या आणि अधिक नकारात्मक बोलत होत्या. ती मुले मात्र समोर कोणतीही माता असली तरी कमीच ऐकत होती. म्हणजे ‘चांगल्या’ मुलाच्या शांत आईला अवघड मूल दिले की तिचीही वाक्ये बदलतात. अभ्यासातील मुले विरोधी-अवज्ञा विकाराहून व्यापक अशा वर्तनसमस्यांची होती, हे ध्यानात ठेवूनही हा निष्कर्ष मोलाचा आहे. चारचौघांत आईच्या संगोपनावर शेरे मारणाऱ्या नातेवाइकांना तो वाचायला द्यावा, असे मला अनेकदा वाटते.

काही मुले जन्मतःच अधिक तीव्र प्रतिक्रिया देणारी, बदलाला हळू सरावणारी असतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस ह्या दांपत्याने न्यूयॉर्क येथे १९५६ पासून मुलांच्या स्वभावप्रकृतीचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि मुलाची प्रकृती व घराच्या अपेक्षा ह्यांच्या ‘जुळणी’ची कल्पना मांडली. तीच प्रकृती एका घरात खपते आणि दुसऱ्या घरात खटकते. अवधान-अस्थिरतेचा विकार असलेल्या मुलांत विरोधी-अवज्ञा विकारही बऱ्याचदा आढळतो. पालकाचे नैराश्य, आईवडिलांतील कलह आणि आर्थिक ओढाताण ह्यांचाही परिणाम होतो, कारण खचलेल्या माणसाला आपल्या शब्दावर ठाम राहण्याचे त्राण उरत नाही. तेव्हा प्रकृती मुलाची असली, तरी चक्र दोघांचे असते. चक्र मोडण्याची जबाबदारी मात्र मोठ्यांवर अधिक येते. चक्र बाहेरून पाहण्याची क्षमता त्यांच्याकडे असते, नऊ वर्षांच्या मुलाकडे नसते.

५.६ पालकत्वाच्या शैली आणि भाषांतराची एक अडचण

डायना बॉमरिंड ह्यांनी १९६६ साली पालकांच्या नियंत्रणाचे तीन प्रकार वर्णिले. पहिल्यात आज्ञापालन हेच मूल्य असते आणि कारण विचारणे हा उद्धटपणा ठरतो. दुसऱ्यात नियम ठाम असतात, पण त्यांची कारणे सांगितली जातात आणि मुलाचे म्हणणे ऐकले जाते. तिसऱ्यात नियमच फारसे नसतात. पहिल्या दोहोंसाठी इंग्रजीत एकाच धातूपासून आलेले, दिसायला जुळे शब्द आहेत. मराठीत पहिल्याला ‘हुकूमशाही’ म्हणणे सोपे जाते. दुसऱ्यासाठी ‘अधिकारयुक्त’, ‘लोकशाहीवादी’ असे प्रतिशब्द योजले जातात आणि दोन्ही थोडे चुकतात. ह्या घरात मतदान होत नाही, निर्णय पालकच घेतात. मात्र तो निर्णय समजावून सांगण्याचे बंधन ते स्वतःवर घालून घेतात. ‘ठाम पण ऐकणारी शैली’ असे साधे वर्णन मला अधिक बरोबर वाटते.

हे वर्गीकरण कॅलिफोर्नियातील कुटुंबांच्या अभ्यासातून आले आहे, हेही विसरू नये. रूथ चाओ ह्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, चिनी पालकांच्या कडकपणात काळजी आणि शिकवण ह्यांचा जो भाग असतो, तो ‘हुकूमशाही’ ह्या शब्दात सामावत नाही. मराठी घरातील कडकपणालाही तो शब्द सरसकट लावू नये.

५.७ मराठीतील आज्ञेची रूपे

आता आपल्या भाषेकडे वळू. क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ तुम्ही शालेय व्याकरणात शिकला आहात. त्या वर्गीकरणावरून असे वाटते की आज्ञा फक्त आज्ञार्थात होते. प्रत्यक्ष घरात तसे नसते. ‘आवर’ ही उघड आज्ञा झाली. ‘आवरतोस का?’, ‘आवरशील का जरा?’, ‘आवर ना रे’, ‘आवरू या आता’, ‘आवरायचं आता’, ‘अजून पसारा तसाच?’, ‘आवरलं नाहीस तर बघ’ ही सर्व वाक्ये कार्य आज्ञेचे करतात, पण त्यांची रूपे प्रश्नाची, विनंतीची, विधीची आणि संकेतार्थाची आहेत.

रॉबर्ट मॅकमहन आणि रेक्स फोरहँड ह्यांनी न ऐकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या प्रशिक्षणाविषयी १९८१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात आज्ञांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गातील आज्ञा स्पष्ट असते, एका वेळी एकच कृती मागते आणि ती पाळण्यास अवसर देते. दुसऱ्या वर्गातील आज्ञा पाळता येणेच अवघड असते : ती मोघम असते, तिच्यात पाचसहा कामांची साखळी असते, ती प्रश्नाच्या रूपात येते, किंवा मुलाने हालचाल करण्यापूर्वीच पालक पुढचे वाक्य बोलून टाकतो. आपल्या नमुन्यात पहिले वाक्य बरेचसे पहिल्या वर्गातील आहे. त्यात दोनच, एकमेकींना जोडलेल्या कृती आहेत. तिसऱ्या वाक्यापासून आज्ञा नाहीशी होते. ‘ऐकू येत नाही का?’ ह्या प्रश्नाला ‘येतं’ हे खरे उत्तर दिले तर मूल उद्धट ठरते. ‘किती वेळा सांगायचं?’ ह्या प्रश्नाला तर उत्तरच नाही. पाचव्या वाक्यात मुलाचे शब्द वेडावून दाखवले आहेत आणि दुपारचा अभ्यास रात्रीच्या जेवणात आणला आहे. ‘ठेव’ ही मूळ आज्ञा शेवटी परत येते, पण तोवर विषय मोबाईलचा राहिलेला नाही. तो मानाचा झाला आहे.

पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन ह्यांच्या सौजन्य-सिद्धान्तात हा ‘मान’ मध्यवर्ती आहे. प्रत्येकाला आपल्या इच्छेत कोणी आड येऊ नये असे वाटते आणि आपण कोणाला तरी हवे आहोत असेही वाटते. आज्ञा पहिल्या इच्छेला धक्का देते. वेडावणे, तुलना, टोमणा ही दुसरीवर घाव घालतात. मुलाचे सहावे वाक्य पाहा. ‘नाही ठेवणार’ हे आज्ञेला उत्तर आहे, पण ‘ताईला कधी बोलत नाहीस’ हे त्या घावाला उत्तर आहे. मुलाची तक्रार खरी असेल वा नसेल, ती कोणत्या वाक्यामुळे उद्भवली ते संभाषण दाखवते.

सातव्या वाक्यात आई अधिकार दूरस्थ बाबांकडे सोपवते. ‘बाबांना येऊ दे’ ह्या वाक्याचा दुसरा अर्थ ‘माझे न ऐकलेस तरी चालते’ असाही होतो. बागुलबुवा, पोलीस, डॉक्टरांची सुई ही ह्याच जातीची पात्रे होत. दहावे वाक्य तर व्याकरणदृष्ट्या शुद्ध आज्ञार्थ आहे, ‘काय करायचं ते कर’, आणि अर्थाने संपूर्ण शरणागती आहे. रूप आणि कार्य ह्यांतील फारकतीचे ह्याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मराठीत मात्र ह्यावरची साधनेही आहेत. ‘जेवताना मोबाईल बघायचा नाही’ ह्या रचनेत कर्ता उच्चारला जात नाही. हा आईचा हुकूम नसून घराचा नियम आहे, असे ती रचना सुचवते आणि मुलाच्या मानाला कमी धक्का लावते. अट एवढीच, की तो नियम बाबांच्या मोबाईललाही लागू असावा. ‘आवरू या’ हे रूप जवळीक साधते, पण बोलणारा स्वतः हात लावणार नसेल तर मूल ती लबाडी ओळखते. ‘उठा महाराज’ मधला आदरार्थी आज्ञार्थ कौतुकाचा की उपहासाचा, हे केवळ सुरावर ठरते. वातावरण आधीच बिघडलेल्या घरात तो उपहासाचाच ऐकू येतो.

आणखी एक सूक्ष्म भेद. ‘तू हट्टी आहेस’ आणि ‘तू आज हट्ट केलास’ ह्या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात विशेषण आणि ‘असणे’ हे क्रियापद मिळून स्वभाव ठरवून टाकतात. दुसऱ्यात काळ आहे, कृती आहे आणि म्हणून उद्या वेगळे वागण्यास जागा आहे.

५.८ उपचारातील भाषा

ह्या विकारावरील प्रमुख उपाय म्हणजे पालक-प्रशिक्षण. ब्रिटनमधील ‘नाइस’ ह्या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ३ ते ११ वर्षांच्या अशा मुलांसाठी पालक-प्रशिक्षणाची शिफारस आहे आणि नेहमीच्या उपाययोजनेत औषधे देऊ नयेत असे म्हटले आहे. शीला आयबर्ग ह्यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली पद्धत भाषेच्या अंगाने विशेष बोलकी आहे. पालक आणि मूल एका खोलीत खेळतात. पालकाच्या कानात श्रवणयंत्र असते आणि काचेपलीकडून चिकित्सक त्याला काय बोलावे ते सुचवत असतो. पहिल्या टप्प्यात पालकाने आज्ञा करायची नाही, टीका करायची नाही आणि प्रश्नही विचारायचे नाहीत. मूल जे करते त्याचे वर्णन करायचे, त्याचे शब्द पुन्हा उच्चारायचे आणि नेमकी स्तुती करायची. ‘शाबास’ पुरेसे नाही. ‘ठोकळे हळूच ठेवलेस, छान’ असे म्हणायचे. ही पाच मिनिटे वाटतात तितकी सोपी नाहीत. आज्ञा आणि प्रश्न वजा केल्यावर आपल्याकडे मुलाशी बोलायला किती वाक्ये उरतात, हे करून पाहिल्यावरच कळते.

आज्ञा देण्याचे शिक्षण दुसऱ्या टप्प्यात येते. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी संबंधात गोडवा परत आणायचा, मग आज्ञा करायची : कमी, स्पष्ट, एकेक आणि पाळली गेली की दखल घेऊन. न पाळल्यास होणारा परिणाम आधी सांगितलेला, सौम्य आणि दर वेळी तोच असतो. पाचव्या पट्टीतला आवाज लागतच नाही, कारण पहिल्याच वाक्याला अर्थ असतो. ह्या पद्धतीत वेडावून दाखवण्याच्या जागी मुलाचे शब्द पुन्हा उच्चारण्याची कृती आली आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. शब्द तेच असतात, भाषिक कृती मात्र उलट असते.

घरी सर्व प्रयत्न करूनही मुलाचा राग आवरत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग किंवा टेलि-मानस ह्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. तिथे जाणे म्हणजे मुलाला वेडा ठरवणे नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे लागते आणि तेही योग्य शब्दांत सांगावे लागते.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ऋण प्रबलन म्हणजे काय? नमुना-संभाषणातील वाक्ये ८ ते १० च्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘कठोर पालकांमुळे मुले उद्धट होतात’ ह्या विधानाची बेल ह्यांचा आक्षेप आणि १९८६ चा अभ्यास ह्यांच्या आधारे चर्चा करा.
३. नमुन्यातील ‘थांब’ हा शब्द मुलाच्या तोंडी (वाक्य ४) आणि आईच्या तोंडी (वाक्य ७) आला आहे. दोन्ही ठिकाणी तो कोणती भाषिक कृती करतो ते लिहा.

५.१० उपक्रम

तुमच्या किंवा परिचिताच्या घरातील, त्यांच्या संमतीने, जेवणाच्या वेळचे दहा मिनिटांचे संभाषण लिहून काढा. नावे बदला. मुलाला उद्देशून आलेल्या प्रत्येक आज्ञेपुढे तिचे व्याकरणिक रूप लिहा आणि पुढचे वाक्य येण्यापूर्वी मुलाला किती सेकंद मिळाले ते नोंदवा. त्या घरात मूल आईला ‘अगं-तू’ आणि वडिलांना ‘अहो-तुम्ही’ म्हणत असेल, तर त्याचे नकार दोघांसमोर कोणत्या रूपांत येतात, ह्याची वेगळी नोंद करा. नोंदवही संपर्कसत्राला येताना सोबत आणावी.